दुसऱ्या बेसवर प्रल्हाद सोमकुवर

प्रल्हादभाऊ सोमकुवर इतके नाकासमोर चालणारे, की त्यांच्या गाडीत बसलं की मला झोप येते. पंचावन्नची पाटी असली की काटा पंचावन्नवर. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव काढतात, यांना ढिम्म फरक पडत नाही. एकदा रविवारी सकाळी आमच्या डब्लिनमधल्या रिकाम्या रस्त्यावर ते स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं. "भाऊ, कुत्रंसुद्धा नाहीये रस्त्यावर," मी म्हणाले. "पाटी आहे ना, उत्तराताई," ते म्हणाले आणि मग गाडी पुढे नेली.

हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं. आम्ही आंबेडकरी कुटुंबं इथे बोटांवर मोजण्याइतकी. चौदा एप्रिलला लायब्ररीची मीटिंग रूम घ्यायची, टेबलावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा, वंदना म्हणायची, कुणीतरी भाषण करायचं आणि मग घरून आणलेले डबे उघडायचे. त्यात खुर्च्या मांडणं, आवरणं आणि कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेणं ही कामं प्रल्हादभाऊंची. त्यांना ती कुणी दिली नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी आपणहून केली, आणि पुढच्या वर्षीपासून ती त्यांचीच आहेत असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं.

मूळचे ते नागपूरच्या इंदोऱ्याचे. वडील कापडगिरणीत, आई रत्नाबाई चार मुलांना शिकवायचंच या एकाच हट्टावर जगलेली. भाऊ इंजिनिअर झाले, सरकारी बांधकाम खात्यात चिकटले आणि खात्याच्या क्रिकेट टीमचे विकेटकीपर झाले. विकेटकीपर म्हणून त्यांची ख्याती अशी, की खात्री नसली तर अपील करायचे नाहीत. बॅटिंग करताना चेंडूला बारीकशी कड लागली आणि अंपायरला ती कळली नाही, तरी हे आपले बॅट काखेत मारून तंबूकडे चालायला लागायचे. अंपायरने चुकीचं आऊट दिलं तर तेव्हाही चालायला लागायचे. त्यांचे टीमवाले कपाळाला हात लावायचे.

त्याच ऑफिसातली एक गोष्ट त्यांनी मला फार वर्षांनी सांगितली, तीही पोह्यांचं तिखट जास्त झालंय असं सांगावं तशी. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं ऑफिस चहाच्या टपरीवर रेंगाळायचं. साहेबसुद्धा. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणीच पाळत नव्हतं. एका दिवशी मेमो निघाला तो एकट्या सोमकुवरांच्या नावाने. टपरीवर त्यांच्या शेजारी बसलेल्यांनीच दुसऱ्या दिवशी, "काय हे, तुमच्या लोकांना शिस्त नाही," असं ऐकवलं.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"त्यानंतर टपरीवर गेलो नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या तसं काही झालेलं दिसत नव्हतं. नोकरी सोडून ते पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकायला आले, तिथून ओहायो सरकारच्या पूल तपासणीच्या कामावर लागले. पुलाखाली उतरायचं, हातोडीने लोखंड ठोकून बघायचं, गंज कुठवर गेलाय ते लिहायचं. ज्यांना त्यांनी काम शिकवलं अशा दोघांना त्यांच्या आधी बढती मिळाली. दोन्ही वेळा भाऊ केक खाऊन अभिनंदन करून घरी आले. सुवर्णावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भांडी जरा जोरात आपटतात तेवढंच. माणूस गरीब असावा, पण इतका? मला त्यांचा खरोखर राग यायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचं काम टिल्डन नावाच्या गावी निघालं. कोलंबसपासून दोन तासांवर, नदीकाठी, एकेकाळी चिनी मातीची भांडी बनवणारं गाव. कारखाना कधीच बंद पडलेला. नदीवरचा लोखंडी पूल तेवढा शिल्लक, आणि त्याचंही काही खरं नव्हतं. भाऊ दुपारी तिथल्या एका छोट्या हॉटेलात सँडविच खायचे. तिथेच वॉल्टर बेक यायचा. वॉल्टरचं औषधांचं दुकान होतं आणि गावातल्या प्रत्येक कमिटीचा तो अध्यक्ष होता.

पुढच्या वर्षी टिल्डन गावाला एक नव्वद वर्षांपूर्वीची बेसबॉल मॅच जशीच्या तशी पुन्हा करून दाखवायची होती. १९०८ साली गावाची स्वतःची पगारी टीम होती. शेवटची मॅच नदीपलीकडच्या हार्मन गावाशी, जिंकेल त्याला लीगचा करंडक. मॅच बरोबरीत, टिल्डनची शेवटची पाळी, एक गडी बाद व्हायचा बाकी. पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना पाय लावायच्या पहिल्या चौकोनी गादीवर, टिल्डनचा विल्बर नॅश नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, तिसऱ्या बेसवर त्याचा जोडीदार. बॅटरने चेंडू लांब मारला, तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, पोचला, विजयाची धाव झाली. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात आले. नॅश दुसऱ्या बेसच्या अर्ध्या वाटेवर होता. गर्दी बघून तो वळला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे पळाला.

नियम असा, की त्याने दुसऱ्या बेसला पाय लावायलाच हवा. आपल्याकडे नॉन-स्ट्रायकरने क्रीजमध्ये पोचायला हवं तसं. हार्मनच्या खेळाडूने गर्दीतून चेंडू शोधून आणला, दुसऱ्या बेसवर उभं राहून अंपायरला दाखवला. नॅश आऊट, धाव रद्द, मॅच बरोबरीत. ती पुन्हा खेळवली तेव्हा टिल्डन हरलं. दोन वर्षांनी टीम मोडली, आणि माझ्या अंदाजाने कारखाना बंद पडला त्याचंही खापर लोकांनी नॅशवरच फोडलं असणार. टिल्डनमध्ये आजही कुणी दुकानातून दूध न घेता परत आलं, तर "नॅश करून आलास का?" असं विचारतात.

वॉल्टरने सँडविच खाता खाता भाऊंना विचारलं, क्रिकेट खेळायचास ना, मग नॅशचं काम करशील का? आमच्या भाऊंना नाही म्हणता येत नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा तेरा वर्षांची रोशनी म्हणाली, "डॅड, यू आर प्लेइंग द लूजर!"

"कुणीतरी करायला पाहिजे ना बेटा," भाऊ म्हणाले.

दर शनिवारी तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी भाऊंनी चेंडू मारला आणि बॅट घट्ट हातात धरून पहिल्या बेसपर्यंत धावत गेले. पोचल्यावर वाकून बॅट बेसच्या पलीकडे टेकवली. सगळं मैदान हसलं. एकदा त्यांनी चेंडू हळूच अडवला आणि जागेवरच उभे राहिले, धाव घेण्यासारखा नव्हता म्हणून. तिथे चेंडू लागला की धावावंच लागतं, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. पण सगळ्यात वैताग आणला तो शेवटच्या प्रसंगाने. अर्ध्या वाटेवरून वळायचं आणि निघून जायचं, एवढंच तर काम. भाऊ धावत सुटले की थेट दुसऱ्या बेसवरच जाऊन थांबायचे. वॉल्टर ओरडायचा, "प्रल्हाद, नाही! टच करायचा नाहीये!" भाऊ सॉरी म्हणून परत यायचे आणि पुढच्या वेळी परत टच करायचे. मला म्हणाले, "ताई, अर्धी रन सोडायला पायच ऐकत नाहीत."

पाय ऐकायला लागले तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली. हॉटेलातल्या बाईने कॉफी ओतता ओतता सांगितलं, की हे काम करायला गावातलं कुणीच तयार नव्हतं. विल्बर नॅशची मुलगी गावातच राहत होती. ऐंशी वर्षांच्या मिस एडना नॅश. लग्न केलेलं नाही, आयुष्यभर गावच्या शाळेत शिकवलं. गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला, वॉल्टरसुद्धा. त्यांच्या देखत त्यांच्या बापाची नक्कल करायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बाहेरचा माणूस शोधला.

"सोडून द्या," सुवर्णावहिनी म्हणाल्या. "कॅन्सल करा सरळ. तुम्हाला वापरून घेतायत ते."

भाऊंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या शनिवारी वहिनींनीच केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन ते मिस नॅश यांच्या दारात उभे राहिले. कुणाच्या मेलेल्या बापाचं सोंग घ्यायचं तर घरच्यांना विचारून घ्यावं, एवढं त्यांना कळत होतं. "मी हे करू का?" त्यांनी विचारलं.

मिस नॅश म्हणाल्या, "कुणीतरी करणारच आहे. निदान तू दार वाजवलंस."

मग त्यांनी त्यांच्या बाजूची गोष्ट सांगितली. त्या काळी विजयाची धाव झाली, की लोक मैदानात घुसायचे आणि खेळाडू जीव घेऊन पळायचे. दुसऱ्या बेसला पाय लावायला कुणीच थांबत नसे. त्या सबंध उन्हाळ्यात कुणी थांबलं नव्हतं, हार्मनवालेसुद्धा नाहीत. नियम पुस्तकात होता. तो आठवला त्या दिवशी, आणि लावला गेला एका पोराला. त्यानंतर विल्बर नॅशने कारखान्यात भांडी भाजली आणि मरेपर्यंत कधी मैदानाच्या रस्त्याने गेला नाही. वर्गात पोरं एकमेकांना "नॅश केलंस" म्हणायची आणि मग फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंकडे बघून गप्प व्हायची.

भाऊंनी त्यांना टपरीची गोष्ट सांगितली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बऱ्याच गप्पा झाल्या." पण येताना ते एक शब्द देऊन आले. मॅचमध्ये तो प्रसंग यायच्या आधी लोकांना एक वाक्य सांगितलं जाईल: त्या काळी सगळेच खेळाडू असंच करायचे. बस. त्यापुढे मॅच जशी झाली तशी होऊ दे. मिस नॅश म्हणाल्या, तसं असेल तर मी येईन. नव्वद वर्षांत तिथे पाऊल टाकणारी घरातली मी पहिली.

वॉल्टरने हो म्हटलं, हातात हात दिला. मॅचमध्ये अंपायर तोच होता. जुन्या पद्धतीप्रमाणे हातात पत्र्याचा भोंगा घेऊन सगळं तोच जाहीर करणार होता.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैतल्या एका शनिवारी आम्ही टिल्डनला गेलो. सुवर्णावहिनी, रोशनी आणि मी. ऊन असं की लाकडी बाकावर बसवेना. भाऊंना जुन्या काळचा जाड लोकरीचा युनिफॉर्म, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर चपटी टोपी. विकेटकीपरच्या सवयीने दर थोड्या वेळाने उकिडवे बसत होते. सगळं गाव लोटलेलं होतं. मिस नॅश निळी टोपी घालून आल्या आणि आमच्या शेजारी बसल्या. "तुम्ही त्याच्या घरच्या का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तशाच." त्यांनी पर्समधून रुमाल काढून मांडीवर घडी करून ठेवला.

बेसबॉल हा खेळ मला कधी कळला नाही आणि त्या दिवशीही कळला नाही. बराच वेळ माणसं उभी राहतात आणि थुंकतात. पण शेवटची पाळी आली तेव्हा लोक आपोआप सावरून बसले, आणि मीही. भाऊ पहिल्या बेसवर उभे होते. ते वॉल्टरकडे बघत होते. वॉल्टरने भोंगा तोंडाला लावला.

"लोकहो, तुम्ही ज्याची वाट बघत होता तो क्षण आला! बघू या आज तरी नॅशला दुसरा बेस सापडतो का!"

सगळं गाव खदखदून हसलं. टाळ्यांच्या तालावर "नॅश! नॅश!" सुरू झालं. रोशनीही ओरडायला लागली, तिच्या डॅडला चिअर करतेय अशा समजुतीने. वहिनींनी तिचा दंड धरला. "ओरडू दे तिला," मिस नॅश म्हणाल्या. "ती शाळेत माझ्याकडे नव्हती." त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. मला इतकी लाज वाटली, की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

वाक्य आलंच नाही. वॉल्टर विसरला असं मला वाटत नाही. लोक हसायला आले होते, आणि हसणाऱ्या लोकांपुढे असली वाक्यं बोलायला जीभ रेटत नाही.

चेंडू आला, बॅटरने मारला, तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी पोचला. ठरल्याप्रमाणे शाळेतली पोरं कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसली. भाऊ धावत अर्ध्या वाटेवर आले, ठरल्याप्रमाणे वळले आणि चार पावलं चाललेसुद्धा. मग थांबले. त्यांनी आमच्या बाकाकडे बघितलं. त्यांना त्या उन्हात निळ्या टोपीखेरीज काही दिसलं असेल असं वाटत नाही. ते वळले आणि पोरांमधून वाट काढत दुसऱ्या बेसकडे धावले. हार्मनचा खेळाडू निवांत होता, त्याला नाटकाप्रमाणे पुष्कळ वेळ होता. चेंडू त्याच्या हातात यायच्या आधीच भाऊ बेसवर पोचले आणि दोन्ही पाय टेकवून उभे राहिले.

"आऊट!" वॉल्टर ओरडला. भाऊंकडे न बघताच ओरडला असावा. मग बघितलं, जरा गडबडला, आणि भोंग्यातून म्हणाला, "सवय, लोकहो, सवय! आपला दोस्त क्रिकेट खेळतो!" पुन्हा हशा. आता भाऊंनी कपाळावर हात मारायचा, हसायचं आणि चालायला लागायचं, की सगळं निभावलं. इतकी सोपी वाट त्यांना कुणी कधी काढून दिली नव्हती. मला खात्री होती, आता हा माणूस सॉरी म्हणणार.

"सवय नाही," भाऊ म्हणाले. "मी टच केलाय."

वॉल्टर जवळ गेला. मैदान लहान, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "प्रल्हाद, यात तू आऊट आहेस. सगळ्यांना माहीत आहे. चल आता, नाटक आहे हे."

"मग नाटकातलं ते वाक्य बोल."

"पुढे ॲपल-पाय खाण्याची स्पर्धा आहे. लोक खोळंबलेत."

भाऊ हलले नाहीत. ज्या माणसाने चुकीच्या निर्णयावरही आयुष्यभर मान खाली घालून मैदान सोडलं, तो लोकरीच्या कपड्यांत घामाने निथळत त्या चौकोनी गादीवर उभा होता. हसणं हळूहळू कमी झालं. कुणीतरी शिट्टी मारली, "घरी जा!" असंही कुणी ओरडलं. रोशनीचा चेहरा पडला. "मॉम, व्हाय इजन्ट ही कमिंग?" तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "उभं राहू दे त्यांना." भाऊंच्या कुठल्याच गोष्टीचं वहिनींनी इतकं साधं समर्थन केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मिस नॅश उठल्या. "मला तिथपर्यंत नेशील का?" त्यांनी मला विचारलं. मी हात दिला. लाकडी पायऱ्या, मग कुंपणाचं फाटक, मग गवत. त्यांची चाल मुंगीची. लोकांनी त्यांना ओळखलं तसा आवाज थांबत गेला. जे पोटभर हसले होते ते सगळे कधीतरी त्यांच्या वर्गात बसलेले होते. काहीजण उभे राहिले, बाई वर्गात आल्यावर राहतात तसे.

दुसऱ्या बेसपाशी पोचल्यावर त्यांनी माझा हात सोडला. भाऊंनी जरा सरकून जागा केली. मिस नॅश यांनी आपला पांढरा बूट भाऊंच्या बुटाशेजारी त्या गादीवर ठेवला.

"वॉल्टर," त्या म्हणाल्या, "आता मला आऊट दे."

वॉल्टरच्या हातातला भोंगा गवतात पडला. त्याचं तोंड लाल झालं होतं. खाली बघत तो पुटपुटला, "त्या काळी सगळेच खेळाडू असंच करायचे." आम्हा तिघांना ते जेमतेम ऐकू आलं. मग बोललो ना एकदाचं, अशा नजरेने त्याने भाऊंकडे बघितलं.

प्रल्हादभाऊंनी वाकून भोंगा उचलला, त्याला लागलेली माती बाहीने पुसली आणि वॉल्टरच्या हातात दिला.

"यातून," ते म्हणाले.